थोरलीचे ओठ

धाकटी जाऊ हसली की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि धाकटी दिवसभर हसायची. वाखाचे धागे विंचरताना हसायची, पाणी भरताना हसायची, नवऱ्याला जेवायला वाढतानाही हसायची. तिचा नवरा असा घुम्या की त्याच्यासमोर हसणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं. तरी लग्न होऊन वर्ष उलटलं आणि तिचं हसू काही आटलं नाही. तेवढ्यावर भागलं असतं तर थोरलीनं कानाडोळा केला असता. पण हल्ली धाकटी हसली की थोरलीचा नवराही मान वर करून तिच्याकडे बघायचा, आणि काही न कळताच हसायचा.

न कळताच, कारण तो बहिरा होता. जन्माचा नव्हे. लग्नानंतर काही वर्षांनी त्याला मोठा ताप आला, तापावर इंजेक्शनं झाली, ताप उतरला आणि उतरताना कान घेऊन गेला. त्याआधी लोक त्याला दोरवाला म्हणत. नंतर बहिरा दोरवाला म्हणू लागले, तेही तोंडावर, कारण तोंडावर म्हटलं तरी काही बिघडत नव्हतं. दोन्ही कानांमागे त्याची ऐकायची यंत्रं असत. त्यांतून आवाज यायचे, शब्द यायचे नाहीत. माणसं बोलायची आणि त्याला पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू यायची.

दोर वळायचं काम मात्र कानांवाचून अडलं नाही. घरामागे झाडांच्या दोन रांगांमधून एक लांब सरळ पट्टा गेला होता. एका टोकाला चाक, चाकाजवळ थोरली. तो कमरेला घायपाताचा वाख गुंडाळून, बोटांनी सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे जायचा आणि ती चाक फिरवून पीळ द्यायची. दोघांच्या मध्ये दोराचा पेड वाढत जायचा. तिला थांबायचं असलं की ती पेडाला एक हिसका द्यायची. त्याला पीळ कमी वाटला की तो दोन द्यायचा. कान शाबूत होते तेव्हा ही दोघं एवढ्या लांबून एकमेकांना हाका मारायची. आता हाका गेल्या आणि हिसके आले. खरं सांगायचं तर थोरलीला हेच बरं वाटायचं. हाक कुणीही मारतं, हिसका फक्त चाकावरच्या माणसाला देता येतो.

बाकीच्या जगाशी त्याचं बोलणं तिच्या तोंडून चालायचं. कुणी बोलायला आलं की ती त्या माणसाच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची आणि त्याचं बोलणं आवाज न काढता ओठांनी परत म्हणायची. दोरवाला समोरच्याच्या खांद्यावरून तिच्याकडे बघायचा आणि समोरच्याला उत्तर द्यायचा. नवख्याला वाटायचं, हा तिरळा आहे. घरात असली की ती त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचीसुद्धा. सुरुवातीच्या दिवसांत एकदा तो म्हणाला होता, "डाव्यात तुझा आवाज येतो थोडा. बाकी कुणाचा येत नाही." त्या एका वाक्यावर तिनं एवढी वर्षं काढली. ओरडून ओरडून तिचा गळा बसला, आवाज फुटक्या भांड्यासारखा झाला, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. साऱ्या गावात आपल्या एकटीचा आवाज त्याच्या कानात शिरतो, हे काय थोडं होतं?

आता मधल्या माणसाच्या हातात थोडीफार सत्ता आली की ती वापरल्याशिवाय त्याला राहवत नाही. थोरली सगळंच काही पोचवायची नाही. शिव्या गाळायची, टोमणे गाळायची. आणि धाकटी आल्यापासून धाकटीचं बोलणं गाळायची.

"काय म्हणाली ती? सगळे हसले," तो विचारायचा.

"काही नाही. बकरीचं काहीतरी."

बकरीचं असायचंच, पण ते बराच वेळ चाललेलं असायचं, आणि त्यात बकरी, शेजारीण आणि शेजारणीचा सासरा अशी तिघं एका खुंटीला बांधलेली असायची. त्यातलं एवढंच त्याच्या वाट्याला यायचं, बकरीचं काहीतरी.

त्या वर्षी वारा लवकर फिरला होता. होड्या पाण्यात उतरायच्या आधी नावाड्यांचे दोरखंड वळून व्हायला हवे होते. मागच्या हंगामात निम्म्या नावाड्यांनी नायलॉनचे दोर घेतले होते. उरलेल्यांना वेळेत माल मिळाला नाही तर तेही तिकडे जाणार, हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे उजाडल्यापासून पट्ट्यावर काम चालायचं. वाखाची कुसं मानेत शिरायची, तळहात सोलून निघायचे, गरम वाऱ्यानं धूळ उठून ओल्या पेडावर बसायची आणि ती पुसत पुसत दोरवाला मागे मागे जायचा.

असंच एकदा दुपारी सगळी झाडाखाली टेकली असताना धाकटी धावत आली. सकाळच्या वेळी ती गावच्या दवाखान्यात झाडलोट करायला आणि केसपेपर लावायला जायची.

"ताई, भाऊजींचं काम होईल बहुतेक," ती म्हणाली. "आमच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. कानाच्या आत बसवायचं यंत्र असतं, कॉक्लिअर इम्प्लांट. ऑपरेशन करतात. ज्यांना साध्या यंत्रानं भागत नाही त्यांच्यासाठीच असतं ते. मोठ्या इस्पितळात होतं, पण आधी तालुक्याच्या कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. मी नंबर लावून आले."

"काय म्हणते?" दोरवाल्यानं विचारलं.

"दवाखान्याचं काहीतरी," थोरलीचे ओठ म्हणाले.

पण धाकटीनं ते पाहिलं. ती सरळ त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, आपल्या कानावर बोट ठेवलं आणि तोंड मोठं उघडून एकेक शब्द सुटा करून तेच सगळं पुन्हा सांगितलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. थोरलीला जे जमायला वर्षं लागली ते या पोरीनं वर्षभर नुसतं बघून उचललं होतं, हे बघून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला परत ऐकू येईल?" तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच वाजवीपेक्षा मोठा होता. लांब पाण्यावर गेलेल्या बायकांनीही मागे वळून पाहिलं. मग तो थोरलीकडे वळला. "ऐकलंस का? म्हणजे धाकटी काय बोलते ते मला कळेल. किती दिवस मनात आहे माझ्या."

थोरलीनं मान हलवली आणि उठून चाकाशी गेली. चाक फिरवता फिरवता तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. एवढ्या वर्षांत या माणसानं कधी म्हटलं नाही की तुझा आवाज नीट ऐकायचाय. म्हणाला तर काय, धाकटीचं बोलणं.

तालुक्याला जायच्या आदल्या दिवशी पाणी भरताना धाकटीनं थोरलीला बाजूला घेतलं. "ताई, भाऊजींना एक नीट समजावा. तिथं अंदाज बांधून उत्तरं द्यायची नाहीत. ऐकू आलं तर आलं, नाही आलं तर नाही. यंत्रं लावूनही शब्द कळत नाहीत असं दिसलं तरच चिठ्ठी देतात. मला सुट्टी नाही, नाहीतर मीच आले असते."

"सांगते," थोरली म्हणाली.

नाही सांगितलं. संध्याकाळी तो दाढी करत होता तेव्हा सांगता आलं असतं, सकाळी बसमध्ये सांगता आलं असतं. ती स्वतःला म्हणत राहिली, सांगू की, तिथं गेल्यावर सांगू. तिथं गेल्यावर बघते तर हा बाकावर बसून केस विंचरतोय.

"परीक्षा आहे ना?" तो म्हणाला. "पास होऊन येतो बघ."

पास झालं की चिठ्ठी मिळते, अशी त्याची समजूत होती. ती मोडायला एक वाक्य पुरलं असतं.

तपासायची खोली म्हणजे एक जाड काचेची पेटीच होती. त्याला आत बसवलं. बाहेर तपासणारी बाई माईकसमोर बसली आणि त्याला ओठ दिसू नयेत म्हणून तिनं तोंडापुढे एक पुठ्ठा धरला. थोरली सवयीनं तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. बाईला वाटलं, नवऱ्याच्या काळजीनं उभी आहे, राहू दे.

"घर," बाई पुठ्ठ्यामागून म्हणाली.

दोरवाल्यानं बाईच्या खांद्यावरून थोरलीकडे पाहिलं. थोरलीचे ओठ हलले.

"घर," तो म्हणाला.

पहिला शब्द नुसत्या सवयीचा होता. देवाशपथ सवयीचा. दुसऱ्या शब्दाला ओठ हलत असतानाच तिच्या ध्यानात आलं. तिसऱ्याला तिला सगळं कळत होतं, आणि ओठ हलतच होते. माती. पंखा. झाड. खिडकी. तो घडाघडा म्हणत गेला, आणि म्हणता म्हणता त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं की जसं काही तो खरंच ऐकतोय.

कानाच्या डॉक्टरनं कागद पाहिला. "यंत्रावर उत्तम कळतंय यांना. मोठ्या इस्पितळात पाठवून उपयोग नाही, ते परत पाठवतील. ऑपरेशनची गरजच नाही."

"काय म्हणतात?"

"गरज नाही म्हणतात," थोरलीनं सांगितलं. हे मात्र तिनं जसंच्या तसं सांगितलं.

"पण सगळे बरोबर आले ना?"

"सगळे."

परतीच्या वाटेत तो एकदाच म्हणाला, "पास होऊनही नाही म्हणजे कमाल आहे." आणि खिडकीबाहेर बघत बसला. थोरलीला वाटलं होतं आपल्याला हायसं वाटेल. वाटलंही. पण ते गावापर्यंतसुद्धा पुरलं नाही.

धाकटी चक्रावली. "असं कसं होईल? घरात आपण चौघं बोलतो तेव्हा भाऊजींना ओ की ठो कळत नाही, आणि तिथं सगळं कळलं?"

काम रेटून चाललं होतं, पण दोरवाल्याचा हात चालेना. पेड कुठं जाड, कुठं बारीक होऊ लागला. तो हिसका द्यायचा विसरायचा आणि उलटा चालता चालता मध्येच उभा राहायचा. मग एका सकाळी थोरलीचं अंग कणकणलं, ती आत पडून राहिली, आणि बाहेरून चाकाची करकर ऐकू आली. दारातून बघते तर चाकावर धाकटी. पेडाला एक हिसका बसला, चाक थांबलं. दोन बसले, चाक जोरात फिरलं. लांबून दोरवाल्यानं हात वर करून धाकटीला शाबासकी दिली. त्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसला. थोरली तशीच तापल्या अंगानं बाहेर आली, धाकटीच्या हातून चाकाचा दांडा घेतला आणि म्हणाली, "तू वाख विंचर." धाकटी हसली नाही. तीही पहिलीच वेळ.

दोरखंड तयार झाले तेव्हा चौघंही ते हातगाडीवर घालून काठावर घेऊन गेली. होड्या उलट्या घालून डांबर लावायचं काम चाललं होतं. नावाड्यांचा म्होरक्या एकेक वेटोळं उलगडून बघू लागला. एके ठिकाणी दोर बारीक झाला होता, तिथं त्यानं अंगठा ठेवला.

"बहिऱ्याचा दोर आणि बहिऱ्याची अक्कल, दोन्ही सारखी," तो मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "या टोकाचं त्या टोकाला कळत नाही." मागचे हसले.

दोरवाल्यानं म्होरक्याच्या खांद्यावरून थोरलीकडे पाहिलं.

थोरलीचे ओठ म्हणाले, "दोर चांगला झालाय म्हणतात."

दोरवाल्याचा चेहरा उजळला. त्यानं दोन्ही हात जोडले आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "तुमच्यासारखी जाणकार माणसं कुठं भेटतात हो."

मग जे हसणं उसळलं त्यात डांबर लावणारेही ब्रश खाली ठेवून सामील झाले. दोरवाला त्यांच्याबरोबर हसत राहिला. आनंदाचं काहीतरी चाललंय, आपल्यामुळे चाललंय, असं त्याला वाटत होतं. थोरली अशी किती वेळा किती माणसांच्या पाठीमागे उभी राहिली होती. हा असा कितीदा हात जोडून हसला असेल, हे तिनं आजवर कधी मोजलं नव्हतं. तिचे कान तापले.

माल कसाबसा घेतला गेला. परत येताना रिकामी हातगाडी ढकलत दोघे भाऊ पुढे आणि दोघी जावा मागे चालत होत्या.

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?" धाकटीनं विचारलं.

"दोर चांगला झालाय म्हणून."

"ते असं म्हणाले?"

"मग काय, म्हणाले ते सांगू? त्यांचं तोंड उतरलेलं बघू?"

"आणि त्यांनी हात जोडले ते बघवलं तुम्हाला?"

थोरली चालत राहिली. धाकटी मात्र थांबली.

"ताई, त्या कानाच्या डॉक्टरकडे तपासणीच्या वेळी तुम्ही कुठं उभ्या होतात?"

थोरलीही थांबली. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्या दिवशी तिच्याच तोंडाची तिला शिसारी आली होती. "काचेपाशी," ती म्हणाली. "त्या बाईच्या मागे."

"आणि मी सांगायला सांगितलं होतं ते?"

"नाही सांगितलं."

"का पण?"

"का म्हणजे? तू हसतेस, ते हसतात. तू बोललीस की त्यांना ऐकायचं असतं. चाक फिरवायलाही शिकलीस. उद्या त्यांना ऐकू यायला लागलं की माझं या घरात काम काय? सांग ना, काय काम?"

ती हे ओरडून बोलली होती, तिला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. पुढे धाकट्यानं नक्की ऐकलं असणार, कारण त्याची मान ताठ झाली. दोरवाला गाडी ढकलत राहिला.

"मला वाटलं तुम्ही ऑपरेशनला भ्यालात," धाकटी म्हणाली. "हे असलं असेल असं मनातसुद्धा आलं नाही." आता तिला रागच आला होता. "तो पुढे चाललाय ना, माझा नवरा, त्याचे कान धडधाकट आहेत. दिवसभरात एकदा मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत नाही. मी भिंतीशी बोलते आणि भिंतीशी हसते. तुमच्या तोंडाकडे एक माणूस दिवसभर टक लावून बघत असतो. आल्या दिवसापासून मी जळते तुमच्यावर. आणि तुम्ही माझ्यावर जळता?"

धाकट्याचे कान लाल झाले.

"सांगा त्यांना," धाकटी म्हणाली. "मलाही सांगता येईल. पण तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेड निम्म्यावर आला असताना थोरलीनं चाक थांबवलं, आणि पेडाच्या कडेकडेनं चालत त्याच्यापर्यंत गेली. कमरेला वाख गुंडाळलेला, बोटं पेडात अडकलेली, असा तो जागचा हलूही शकत नव्हता. तिनं त्याला सगळं सांगितलं. काचेपाशी उभी राहिले ते, धाकटीचा निरोप दिला नाही तो, म्होरक्या खरं काय म्हणाला ते. काहीही गाळलं नाही. तिसऱ्या शब्दाला कळूनसवरून ओठ का हलवले तेही सांगितलं.

तो शेवटापर्यंत बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटून घेतले.

या घरात भांडण असंच व्हायचं. तिला ओरडता यायचं, त्याला डोळे मिटता यायचे, आणि त्याचं हत्यार जास्त धारदार होतं. डोळे मिटले की तिचं तोंड बंद. पूर्वी हे तासाभरात मिटायचं. या खेपेला तो दिवस दिवस तसाच राहिला. जेवताना ताटात बघायचा, कामात पेडाकडे बघायचा, ती समोर आली की मान फिरवायचा. कुणी आलं तर धाकटी मध्ये उभी राहायची. थोरली चाक फिरवायची आणि तिच्या हिसक्याला तो थांबायचा, पण त्याचा हिसका यायचा नाही. पीळ कमी आहे की जास्त, तिला तिचं ठरवावं लागायचं. धाकटी बोलायची आणि तो मान डोलवायचा, हे बघून तिच्या पोटात अजूनही दुखायचं. आपलीच चूक आहे हे कळल्यानं दुखणं कमी होतं, असं काही नसतं.

मग एकदा चूळ भरता भरता तो आपणहून तिच्याकडे बघून म्हणाला, "परत जायचं तालुक्याला. तूही चल."

"मी कशाला?"

"तू काय केलंस ते डॉक्टरला कोण सांगणार? मी?"

धाकटीनं पुन्हा नंबर लावला. या खेपेला कानाच्या डॉक्टरनं जुना कागद काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मागे सगळे शब्द आले, आता एकही येत नाही म्हणता? लोक इथं येऊन नाटकं करतात, ती मला नवी नाहीत."

खोलीत आणखी तीन-चार माणसं आपापली पाळी धरून बसली होती. थोरली उभी राहिली. "नाटक त्यांचं नाही, माझं होतं. मी त्या बाईंच्या मागे उभी राहून ओठांनी शब्द सांगत होते."

"का?"

"मला नको होतं त्यांना ऐकू यायला."

बाकावरची बाई सरकून लांब बसली. डॉक्टरनं जुना कागद बाजूला सारला. "परत तपासा," तो तपासणाऱ्या बाईला म्हणाला. "आणि तुम्ही बाहेर बसा."

दोरवाल्याला काय चाललंय ते अंदाजानं कळलं असावं. "तिला आतच बसू द्या," तो म्हणाला. "पाठ करून."

त्यामुळे थोरली काचेच्या पेटीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली. मागे बाईनं पुठ्ठा धरला.

"घर."

उत्तर नाही.

"माती."

"गाडी?" तो म्हणाला.

"पंखा."

"परत सांगा."

"पंखा."

"गाडीच का?"

थोरलीचे ओठ भिंतीकडे बघून हलत होते. तिनं ते दातांनी धरले, तरी हलले. मग पदराचा बोळा करून तोंडावर दाबला. मागे तो चाचपडत होता. कधी गप्प, कधी भलताच शब्द, कधी नुसतं "काय?" एवढी वर्षं तिनं त्याला कुणासमोर असं चुकू दिलं नव्हतं. वळून एकदा तोंड दाखवलं असतं की तो सावरला असता. बाईचे शब्द संपता संपत नव्हते. मध्येच तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "अगं." बाईला नव्हे. तिला.

ती वळली नाही. याहून अवघड काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

तपासणी संपल्यावर बाईनं कागद भरला. "उजव्यात थोडं शिल्लक आहे," ती थोरलीला म्हणाली. "डावा पार गेलाय. तापातच गेला असणार."

"डाव्यात माझा आवाज येतो त्यांना."

"नाही हो ताई. डाव्यात यंत्र लावूनही ढग फुटला तरी कळणार नाही. मागच्या जुन्या कागदांतही हेच आहे."

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होता. तोवर दोघं बाहेर बाकावर बसली. थोरलीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला आपल्याकडे वळवलं. "डाव्यात माझा आवाज येतो म्हणाला होतात."

तो म्हणाला, "तू तेव्हा सारखी रडायचीस. काहीतरी म्हणायला हवं होतं."

"आणि नंतर?"

"नंतर तू ओरडायची थांबेनास. तुला बरं वाटत होतं. मग राहू दिलं."

म्हणजे यानंही गाळलं होतं. तिला राग आला, पुष्कळ आला. आपला गळा, आपला आवाज, सगळा एका मेलेल्या कानात ओतला म्हणून आला. पण राग काढायला तोंड उघडलं आणि काल-परवापर्यंत आपण काय करत होतो ते आठवलं. मग तिनं नुसतं "बरं" म्हटलं.

डॉक्टरनं आत बोलावलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. "मोठ्या इस्पितळात ते आणखी तपासण्या करतील. ऑपरेशन झालं म्हणून लगेच बोलणं कळणार नाही. आधी नुसती खरखर ऐकू येते. घरातल्या कुणीतरी रोज समोर बसून बोलून बोलून कान तयार करावे लागतात, आणि तेही तोंड झाकून. ओठ दिसले की हे ओठच वाचणार, कान शिकायचे नाहीत. स्वच्छ, स्पष्ट आवाजाचं आहे कुणी घरात?"

थोरलीनं घसा खाकरला. घसा खाकरून तो मोकळा होण्यातला नव्हता, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"आहे," ती म्हणाली. "माझी जाऊ आहे. तिचा आवाज छान आहे. दिवसभर बोलते."

"काय म्हणतात?" दोरवाल्यानं विचारलं.

ती डॉक्टरच्या खुर्चीमागे गेली नाही. त्याच्यासमोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. खरखर सांगितली, रोजचं बसणं सांगितलं, तोंड झाकायचं सांगितलं. "मी नाही," तिनं शेवटी सांगितलं. "माझा आवाज गेलाय. धाकटी बसेल तुमच्यासमोर."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. बोलणं संपून ते मिटले तरी बघत होता.

"तोंड झाकायचं," तो म्हणाला. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं, एवढ्या मोठ्यानं म्हणाला. "मग मी बघू कुठं?"

थोरलीनं चिठ्ठीची घडी केली आणि कमरेला खोचली.

"कुठंही बघा आता," ती म्हणाली, आणि त्याला ते नीट दिसावं म्हणून त्याची हनुवटी धरून, त्याचं तोंड आपल्याकडे वळवून म्हणाली.